विश्लेषण : ट्राउटच्या तळ्यावर ‘बूच’ का खटकते? स्ट्राइक इंडिकेटरचे काम आणि त्यावरचा वाद

गावच्या तळ्यावर गळ टाकून बसलेल्या कुणालाही दोरीला बांधलेले बूच किंवा थर्माकोलचा तुकडा ठाऊक असतो. तुकडा बुडाला की काठी उचलायची, इतके सोपे गणित. इंग्लंडमधल्या जलाशयांवर आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सरोवरांवर ट्राउट धरणारे फ्लाय-फिशर हेच गणित वापरतात. फक्त तिथे त्याला ‘स्ट्राइक इंडिकेटर’ असे भारदस्त नाव आहे. इंग्लंडमधले मासेमार थट्टेने त्याला ‘बंग’ म्हणतात आणि योगायोग असा की, बंग म्हणजे बूचच. या बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तूवरून तिथे बरीच वर्षे वाद सुरू आहे. काही खासगी तळ्यांवर तिला मनाई आहे, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती चालत नाही आणि तरीही हजारो जणांच्या डबीत ती असतेच. असे का?

फ्लाय-फिशिंग साध्या गळापेक्षा वेगळे कसे?

साध्या गळाला गांडूळ, पिठाची गोळी किंवा कोळंबीचा तुकडा लावतात. माशाला वास येतो, चव लागते, तो आमिष तोंडात धरून ठेवतो. फ्लाय-फिशिंगमध्ये आमिष नसतेच. हुकाभोवती पिसे, दोरा, तार गुंडाळून किड्याची नक्कल केलेली असते. तिला ‘फ्लाय’ म्हणतात. तिचे वजन इतके कमी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून जाड आणि वजनदार दोरी हवेत पुढे-मागे झुलवून फेकतात आणि तिच्या टोकाला असलेल्या बारीक, पारदर्शक धाग्याबरोबर, म्हणजे लीडरबरोबर, फ्लाय पाण्यावर जाते.

नकली किड्याला चव नसते. ट्राउट तोंड उघडून पाण्याबरोबर किडा आत ओढतो आणि काहीतरी चुकल्याचे कळताच तो तितक्याच सहज बाहेर टाकतो. हा सगळा व्यवहार क्षणभराचा. त्या क्षणात दोरी ताणलेली नसेल, तर काठी धरलेल्या हाताला काहीच जाणवत नाही. मासा आला, चाखून गेला आणि किनाऱ्यावरचा माणूस ‘आज मासे नाहीत’ म्हणत बसला, असे घडते ते यामुळे.

साचलेल्या पाण्यात नेमकी अडचण काय?

नदीत प्रवाह असतो. तो फ्लाय वाहून नेतो, तिच्यात जीव असल्याचा भास देतो आणि दोरी बऱ्यापैकी ताणूनही ठेवतो. ट्राउट एका जागी तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणजे अन्न त्याच्याकडे येते. तळ्यात उलटे. तिथे पाणी थांबलेले आणि मासा फिरता. तो कुठून येईल सांगता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो किती खोलीवरून येईल, हे डोळ्यांना दिसत नाही.

या खोलीच्या प्रश्नाचे उत्तर एका चिलटात आहे. कायरोनोमिड नावाचे, डासासारखे दिसणारे पण न चावणारे हे कीटक जगभरच्या तळ्यांत असतात. ब्रिटनमध्ये त्यांना ‘बझर’ म्हणतात. त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात राहतात. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून अनेक जातींच्या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते आणि त्या लालभडक दिसतात. मुंबई-पुण्यातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत ‘ब्लडवर्म’ म्हणून माशांचे जे खाद्य मिळते, ते हेच. पुढे अळीचा कोष होतो. कोषाच्या त्वचेखाली वायू साठू लागतो आणि त्याच्या उचलीने कोष हळूहळू पृष्ठभागाकडे निघतो. निघण्यापूर्वी तो तळापासून थोड्या उंचीवर बराच वेळ तरंगत राहतो.

ट्राउटसाठी ही मेजवानी. पळून न जाणारे, एकाच थरात लटकलेले शेकडो कोष. मासा त्या थरातून शांतपणे फिरतो आणि एकेक टिपत जातो. त्याला वर-खाली धावण्याची गरज नसते. त्यामुळे फ्लाय त्या थराच्या मीटरभर वर असेल, तर कितीही सुबक बांधलेली असली तरी ती वाया. खाली चिखलात रुतली असेल तरी वाया.

इंडिकेटर येण्यापूर्वी यावर उपाय नव्हता असे नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्स परिसरात जॅक शॉ यांच्यासारख्या जुन्या जाणकारांनी कायरोनोमिडची नक्कल करणाऱ्या फ्लाय लोकप्रिय केल्या. नांगरलेल्या होडीतून लांब लीडर टाकायचा, फ्लाय बुडू द्यायची आणि मग बोटांनी दोरी इतक्या सावकाश गुंडाळायची की हालचाल जाणवू नये. इंग्लंडमध्ये ब्लॅगडन जलाशयावर डॉ. हॉवर्ड बेल यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पाण्याखालच्या किड्यांची नक्कल सावकाश ओढण्याची पद्धत रुजवली. ही पद्धत आजही सुंदर आहे. पण तिला धीर लागतो, निवांत हवा लागते आणि फ्लाय ओढली की ती थोडी वर येतेच. तीन-चार मीटर खोल पाण्यात एकच पातळी धरून ठेवणे हे फार थोड्यांना जमते.

मग इंडिकेटर करतो काय?

नावावरून वाटते की, मासा लागल्याची वर्दी देणे हे त्याचे काम. ते आहेच. पण साचलेल्या पाण्यात त्याचे मोठे काम वेगळे आहे. तो फ्लाय ठरलेल्या खोलीवर टांगून ठेवतो. वर तरंगणारा गोळा, खाली सरळ उभा लीडर आणि टोकाला फ्लाय, असा हा ओळंबा आहे. गवंडी ओळंब्याने भिंत सरळ आहे का पाहतो. इथे ओळंब्याची लांबी म्हणजे मासेमाराचा अंदाज. ट्राउट किती खोलीवर खात असेल, या प्रश्नाचे उत्तर त्याने आधीच देऊन टाकलेले असते. अंदाज बरोबर आला तर फ्लाय तासभर माशांच्या वाटेत उभी राहते, न थकता.

कॅमलूप्सचे मत्स्यजीवशास्त्रज्ञ ब्रायन चॅन आणि कॅनडाचेच लेखक फिल राउली यांनी ही पद्धत उत्तर अमेरिकेत घराघरांत पोहोचवली. त्यांच्या शिकवणीतला एक भाग तर अगदी हार्डवेअरच्या दुकानातला वाटतो. होडी नांगरल्यावर शस्त्रक्रियेत वापरतात तसला चिमटा फ्लायला अडकवायचा आणि तो होडीच्या कडेने थेट तळापर्यंत सोडायचा. दोरी सैल पडली की तळ लागला. मग पाण्याच्या पातळीपासून साधारण फूटभर खाली इंडिकेटर अडकवायचा. चिमटा काढला की फ्लाय तळापासून फूटभर उंचीवर लटकणार. बहुतेक वेळा सुरुवात इथूनच करतात. मासा लागला नाही तर फ्लाय बदलण्याआधी खोली बदलतात. नवशिके नेमके उलटे करतात.

गोळा किती मोठा असावा?

इथे शाळेतला आर्किमिडीज कामाला येतो. १२ मिलिमीटर व्यासाचा पोकळ गोळा पूर्ण बुडाला, तर तो सुमारे ०.९ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. १९ मिलिमीटरचा गोळा सुमारे ३.६ ग्रॅम. व्यास दीडपटीहून थोडा जास्त, पण उचल चौपट, कारण घनफळ व्यासाच्या घनाने वाढते. आता खालचे ओझे पाहा. फ्लायच्या डोक्याशी असलेल्या ३ मिलिमीटरच्या टंगस्टन मण्याचे वजन जेमतेम पाव ग्रॅम. दोन फ्लाय बांधल्या तरी लहान गोळा पुरून उरतो.

उरलेली उचल फुकट जात नाही, ती माशाशी भांडते. फ्लाय तोंडात घेऊन ट्राउट खाली वळला की मोठा गोळा त्याला विरोध करतो, माशाला ओढ जाणवते आणि तो फ्लाय टाकून देतो. शिवाय मोठा गोळा शांत पाण्यावर ‘डबक’ असा पडतो. उथळ, नितळ पाण्यात तेवढ्यानेच मासे बिथरतात. म्हणून जाणकार लाटा आणि नजर साथ देतील तितका लहान गोळा घेतात. निवांत सकाळी काही जण लोकरीचा झुबका वापरतात. तो पाण्यावर आवाज न करता उतरतो. पण तो भिजतो, पुन:पुन्हा तेलकट मलम चोळावे लागते आणि वाऱ्यात तो फेकणे म्हणजे छत्री फेकण्यासारखे.

खोल पाण्याची आणखी एक पंचाईत असते. काठी १० फुटांची, पण इंडिकेटरखाली लीडर १८ फुटांचा. मासा लागल्यावर दोरी रिळावर गुंडाळत आणली की इंडिकेटर काठीच्या टोकाच्या कडीत येऊन अडकतो आणि मासा अजून १८ फूट लांब धडपडत असतो. हात पोहोचत नाही, जाळी पोहोचत नाही. यावर ‘स्लिप’ इंडिकेटर निघाला. त्यात लीडरचा एक छोटा फास खुंटीने दाबून धरलेला असतो. मासा लागल्यावर झटका दिला की फास सुटतो आणि गोळा मोकळा होऊन धाग्यावरून घसरत माशाकडे जातो. इतकी साधी युक्ती, पण तिच्याशिवाय खोल तळ्यातले हे तंत्र अर्धवटच राहिले असते.

गोळा बुडण्याची वाट पाहत बसायचे का?

नाही, आणि बहुतेकांचे मासे इथेच सुटतात. गोळा सपकन बुडाला तर प्रश्नच नाही. पण बऱ्याचदा तो फक्त थबकतो, किंचित कलतो किंवा वारा एकीकडे असताना दुसरीकडे बोटभर सरकतो. मासा फ्लाय घेऊन वर आला तर खालचे ओझे नाहीसे होते आणि गोळा उलट थोडा उंच उठतो. म्हणून दोन रंगांचे, कांडीसारखे उभे राहणारे इंडिकेटरही मिळतात. ते आडवे झाले की समजायचे, खाली कुणीतरी वजन उचलले आहे. नियम एकच सांगतात : गोळ्याने लाटेशी न जुळणारे काहीही केले तर काठी उचला.

वारा इथे मित्रही आणि शत्रूही. हलक्या लाटांवर गोळा वर-खाली होतो, त्याबरोबर फ्लायही इंचभर उठते-बसते. कोषाची चाल अगदी अशीच. त्यामुळे पाण्यावर थोडी खळबळ असलेला दिवस या तंत्राला सर्वांत चांगला. वारा वाढला की मात्र ओळंबा बिघडतो. वारा पृष्ठभागाचे पाणी पुढे ढकलतो आणि खालचे पाणी त्या वेगाने येत नाही. गोळा पुढे, फ्लाय मागे, लीडर तिरका. चार मीटर लांबीचा लीडर उभ्या रेषेपासून ३० अंशांनी कलला, तर फ्लाय अर्धा मीटरहून जास्त वर येते. चिमटा लावून तळापासून फूटभर उंचीवर ठेवलेली फ्लाय आता तळापासून सुमारे ८५ सेंटिमीटरवर असते आणि मासेमाराला याचा पत्ता नसतो. मग होडी एकाऐवजी दोन्ही टोकांना नांगरणे, पाण्यावरची दोरी अधूनमधून उचलून वाऱ्याच्या वरच्या बाजूला टाकणे, थोडी जड फ्लाय घेणे, असे उपाय करावे लागतात. ‘गोळा टाका आणि चहा प्या’ अशी या पद्धतीची जी चेष्टा होते, ती वाऱ्यात नांगरलेल्या होडीत तासभर बसलेल्याने केलेली नसते.

मग विरोध कशासाठी?

विरोधकांचा मुद्दा सोपा आहे. दोरीला तरंगता गोळा बांधला की ते फ्लाय-फिशिंग उरत नाही, ते साध्या गळाचे काम झाले. या कलेचा गाभा म्हणजे हाताला जाणवणारी ओढ. दोरीच्या टोकाची थरथर ओळखायला वर्षे जातात आणि ते कसब गोळ्याने निकालात काढले, असे त्यांना वाटते.

हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या प्रभावाखाली पाण्यावर तरंगणारी फ्लाय म्हणजेच सभ्य मासेमारी, असा दंडक झाला होता. पेशाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये पुस्तक लिहून पाण्याखालच्या निम्फचा पुरस्कार केला. मतभेद इतके टोकाला गेले की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फ वापरणे योग्य की अयोग्य, यावर रीतसर चर्चा झाली. तो झगडा नदीवरचा होता, तळ्यावरचा नव्हे. पण आज इंडिकेटरला नाक मुरडणाऱ्यांच्या पेटीत निम्फ असतात आणि त्याचे त्यांना काहीच वाटत नाही.

आणखी एक गंमत. इंडिकेटर येण्याआधी मासेमार लीडरच्या वरच्या भागाला तेलकट मलम चोळत. तेवढा भाग तरंगायचा आणि तो बुडाला की मासा लागल्याचे कळायचे. म्हणजे डोळ्यांनी वर्दी घेण्याची पद्धत जुनीच आहे. आक्षेप खरे तर वर्दीवर नाही, टांगण्यावर आहे. मलम लावलेला धागा फ्लायला खोलीवर धरून ठेवत नाही, गोळा ठेवतो. आणि त्यानेच मासे जास्त लागतात.

स्पर्धांनी या प्रश्नाचा निकाल आपल्यापुरता लावला. जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या फिप्स-मूश या संघटनेच्या नियमांत दोरीला किंवा लीडरला वेगळी तरंगणारी वस्तू जोडता येत नाही. पण स्पर्धक हुशार. फोमची, भरपूर तरंगणारी फ्लाय वर बांधायची आणि तिच्याखाली निम्फ टांगायची. वरच्या फ्लायला हुक आहे, म्हणजे ती फ्लायच. नियम मोडला नाही. काम मात्र तेच. या पळवाटेवर कुणाचा फारसा आक्षेप नाही, आणि त्यावरून मूळ आक्षेप कितपत तत्त्वाचा होता, याचा अंदाज वाचकाने बांधावा.

खासगी तळ्यांच्या मालकांचे गणित मात्र व्यवहारी असते. तळ्यात मासे विकत आणून सोडावे लागतात. सोडलेले मासे सुरुवातीला एकाच थरात घोळक्याने फिरतात आणि टांगलेली फ्लाय त्यांना पटापट टिपते. दोन-चार जणांनी सकाळी तळे उपसले तर बाकीच्या गिऱ्हाइकांना काय उरणार? म्हणून कुठे सरसकट मनाई, कुठे एका वेळी किती मासे न्यायचे यावर मर्यादा.

माशाच्या जिवाचे काय?

वादात हा मुद्दा मागे पडतो, पण खरे मोल त्याचेच आहे. अनेक ठिकाणी मासा पकडून पुन्हा सोडून देतात. तो जगणार की नाही, हे हुक कुठे लागला यावर बरेचसे ठरते. ओठात लागला तर जखम किरकोळ. घशात किंवा कल्ल्यांत गेला तर मासा सोडूनही मरू शकतो. खऱ्या आमिषाच्या तुलनेत फ्लाय क्वचितच गिळली जाते. तरीही टांगलेली फ्लाय स्थिर असते आणि मासेमार मोबाइलमध्ये डोके घालून बसला असेल, तर हुक आत जायला वेळ मिळतो. गोळ्यावर नजर ठेवणे हा इथे जास्त मासे धरण्याचा उपाय आहे, तसाच सोडलेला मासा जगण्याचाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांना सुमारे ९. ट्राउट थंड पाण्याचा मासा. उन्हाळ्यात पृष्ठभाग तापला की तो खालच्या गार थरात उतरतो आणि इंडिकेटर त्याला तिथेही गाठतो. त्या माशाला झुंजवत कोमट पाण्यातून वर ओढायचे, मग हवेत धरून फोटो काढायचे, हे त्याला झेपत नाही. म्हणूनच पाणी २० अंशांच्या आसपास गेले की अनेक जाणकार काठ्या गुंडाळतात.

तिसरी गोष्ट तुटलेल्या दोरीची. इंडिकेटर पक्का बांधलेला असेल आणि धागा त्याच्या वर तुटला, तर मासा गोळा ओढत फिरतो आणि पाणवनस्पतीत अडकून पडतो. म्हणून इंडिकेटरच्या वरचा धागा जाड आणि खालचा बारीक ठेवावा, असे सांगतात. म्हणजे तुटला तर फ्लायजवळच तुटतो. शिशाचा प्रश्न मात्र कायद्याने बऱ्याच अंशी सुटला. किनाऱ्यावर पडलेले शिशाचे बारीक गोळे गिळून हंस मरत असल्याने ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. फ्लाय जड करायला आता टंगस्टन वापरतात.

भारतात ट्राउट असलेली तळी कुठे?

महाराष्ट्रातल्या तळ्यांचे पाणी उन्हाळ्यात ट्राउटला सोसणारे नाही. इथला हौशी गळवाला रोहू-कटल्यासाठी बूच लावतो आणि त्याबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही. ट्राउट भारतातला मूळ मासाच नव्हे. ब्रिटिश काळात, १९०० च्या सुमारास, स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला आणली गेली आणि श्रीनगरजवळच्या हारवनला त्यांची पैदास सुरू झाली. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच भागांत रेनबो ट्राउट रुजला. निलगिरीत अ‍ॅव्हलांच इथे त्याचे जुने पैदास केंद्र आहे.

दरवर्षी महाराष्ट्रातून अनेक जण काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेकला जातात. त्या वाटेवरच्या विशनसर, किशनसर या सरोवरांत ब्राउन ट्राउट आहे. तिथे गळ टाकायचा तर मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि तो निघण्यापूर्वीच काढावा लागतो, कारण वर पोहोचल्यावर कार्यालय नसते.